डावा कान दादाचा

अशा सदरांमधले गूढ अनुभव मी जेवताना वाचते, आणि वाचता वाचता हसते. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे नंतर कुणी ‘हिचा मुळातच विश्वास असेल’ असं म्हणायला नको. मी लॅब टेक्निशियन आहे, मुलुंडच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये. एखादा रिपोर्ट विचित्र आला तर आमच्याकडे कुणी देवाचा धावा करत नाही — सॅम्पल पुन्हा लावतात. पुन्हा तेच आलं तर मशीन तपासतात. मशीनही ठीक असेल तर डॉक्टरांना फोन करतात. या प्रकरणात मी हे सगळं करून बसलेय...

आम्ही घाटकोपरच्या भटवाडीतले. डोंगराच्या अंगाला बैठ्या चाळी होत्या, त्यातली एक आमची. मूळ गाव कणकवलीच्या जवळ. घरात आई, बाबा, मी आणि माझा मोठा भाऊ मंगेश. दादाचा उजवा कान लहानपणी फुटला होता. कान वाहायचा, औषधं झाली, शेवटी त्या कानाने ऐकू येणंच बंद झालं. त्यामुळे दादाशी बोलायचं तर डावीकडून, हा आमच्या घरातला नियम. जेवायलाही तो भिंतीला उजवा खांदा लावून बसायचा.

बारावी झाल्यावर तो अंधेरीला एमआयडीसीत एका पॅकिंगच्या कारखान्यात लागला आणि पहिल्या काही महिन्यांतच एक वॉकमन घेऊन आला. कंपनी कुठलीतरी लोकलच होती, झाकणाला रबरबँड लावावा लागायचा. सेल उतरले की आम्ही ते खिडकीत उन्हात ठेवायचो, आणि मग ते आणखी दोन गाण्यांपुरते चालायचे. इअरफोनची जोडी एकच. डावा दादाला, कारण त्याला दुसरा पर्यायच नव्हता. उजवा मला. वायर आखूड, म्हणून पायरीवर एकमेकांना चिकटून बसायचो.

ज्यांनी असं वाटून ऐकलंय त्यांना ठाऊक असेल — तेव्हाच्या काही गाण्यांत एक वाद्य एका कानात यायचं आणि दुसरं दुसऱ्या. त्यामुळे एकच गाणं ऐकूनही आम्ही दोघं वेगवेगळं ऐकत असायचो. त्याचा एक खेळच झाला होता आमचा.

“तुझ्याकडे काय चाललंय?” दादा विचारायचा.

“तबला. तुझ्याकडे?”

“बासरी. झकास आहे यार, तू मिस करतेस.”

“मग वाजवून दाखव ना!”

आणि तो तोंडाने बासरी वाजवायचा, इतकी भयानक की शेजारच्या काकू दार लावून घ्यायच्या. मला मात्र ती बासरी खऱ्या बासरीपेक्षा आवडायची. आजही आवडते.

मी लॅबचा कोर्स करत होते तेव्हाची गोष्ट. एका गुरुवारी दादा नेहमीसारखा कामाला गेला. सेल उतरले होते म्हणून वॉकमन टीव्हीवर ठेवून गेला आणि जाताना मला म्हणाला, “सेल उन्हात ठेव गं, संध्याकाळी ऐकू.” मी ठेवले. संध्याकाळी त्याची वाट बघत मी एकटीनेच वॉकमन लावला. दोन्ही इअरफोन मलाच, म्हणून जरा खूश होते. पण आवाज फक्त उजवीकडून आला. डावा बंद. मला दादाचा राग आला, म्हटलं वायर तोडून ठेवली याने, आता आल्यावर बघते याच्याकडे.

तो आलाच नाही.

कारखान्यातून वेळेवर निघाला होता. गेटवरच्या वॉचमनला हात करून गेला, एवढंच कळलं. पोलिसांत तक्रार दिली, फोटो लावले. काका, म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, एकेका हॉस्पिटलात आणि शवागारात जाऊन आले. घरी येऊन ते मोरीत उभे राहून कितीतरी वेळ हात धुवायचे, आणि आईकडे बघून नुसती मान हलवायचे. कुणाशी भांडण नव्हतं, प्रेमप्रकरण नव्हतं. माणूस गेला, बस्स. बाबा काही वर्षांनी वारले, तेही दाराकडे तोंड करून.

वॉकमन मी दुरुस्तीला नेला. दुकानदाराने इअरफोन कानाला लावला आणि म्हणाला, “दोन्ही साइड मस्त चालू आहे, मॅडम.” मी त्याच्यासमोरच पुन्हा घालून पाहिला. डावा बंद. मला वाटलं, रडून रडून कान बसला असेल.

पुढे पगार सुरू झाल्यावर सीडी प्लेअर घेतला. रिक्षात खड्डा आला की तो गाणं विसरायचा. डावा बंद. मग तो बोटाएवढा, एका सेलवर चालणारा एमपीथ्री प्लेअर. डावा बंद. मग मोबाइल, त्याचे इअरफोन, मग दुसऱ्या कंपनीचे... कान तपासून घेतले. रिपोर्ट माझ्या हातात होता आणि रिपोर्ट मला वाचता येतात — दोन्ही कान उत्तम.

मग माझा चिकट स्वभाव जागा झाला. डावा इअरफोन उजव्या कानात घातला, तर आता उजव्या कानात शांतता. उजवा डाव्यात घातला, तर त्यातून गाणं व्यवस्थित. म्हणजे कानाचा दोष नाही. लॅबमधल्या रेश्माला बसवलं. मोबाइलमध्ये आवाज डावीकडे किंवा उजवीकडे सरकवायची सोय असते. मी तो सगळा डावीकडे सरकवला आणि एकेकदा दोघींनी ऐकलं. मला काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. रेश्माने मात्र इअरफोन उपटून काढला.

“अगं, किती मोठा लावलायस! कान फाटला माझा.”

“मला काहीच येत नाहीये.”

“मस्करी नको ना यार.” मग माझा चेहरा बघून तिने इअरफोन खाली ठेवला. “शुभा, तू कुणाला तरी दाखव. कानवाल्याला नाही... दुसऱ्या कुणाला तरी.”

मी दाखवलं नाही. कारण तोपर्यंत माझ्या मनाने स्वतःपुरतं एक उत्तर काढून ठेवलं होतं, आणि ते मला कुणाकडून खोडून घ्यायचं नव्हतं. डावा इअरफोन बंद नाही. तो दादाच्या कानात आहे. दादा कुठेतरी आहे, आणि ऐकतोय.

हसा. मी तुमच्या जागी असते तर हसलेच असते.

हे उत्तर माझ्यात किती मुरलं होतं ते मला एकदा जोगेश्वरीत कळलं. घरी जाऊन ब्लडचे नमुने घ्यायचं काम होतं, ते आटपून मी रस्त्याने चालले होते. इअरफोन घातले आणि डाव्या कानात गाणं सुरू झालं. म्हणजे दादा आता ऐकत नव्हता. एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले आणि भर दुपारी, रस्त्यात, हमसून हमसून रडले. एक बाई पाण्याची बाटली घेऊन आली. ती पाणी पाजत असताना लक्षात आलं, उजवा कान शांत आहे. घाईत मी इअरफोन उलटे घातले होते. मी रडता रडता हसायला लागले तशी ती बाई बाटली तिथेच ठेवून निघून गेली.

तर असं चाललं होतं. चाळ पडली, तिच्या जागी टॉवर झाला, आम्हाला अकराव्या मजल्यावर घर मिळालं. आईने आधी साफ नकार दिला, त्याला दार कसं सापडेल म्हणून. शेवटी जुन्या गल्लीतल्या पिठाच्या गिरणीवाल्याला नवा पत्ता पाठ करून घ्यायला लावला, तेव्हा कुठे हलली. अजून दळणाला जाते तेव्हा त्याच्याकडून पत्ता म्हणवून घेते.

मग काकांनी विषय काढला. हरवलेल्या माणसाची बारा वर्षं वाट बघतात आणि नंतर पालाशविधी करतात — पळसाच्या पानांचा माणूस करून त्याला अग्नी द्यायचा आणि पुढचं सगळं दिवसकार्य करायचं. बारा वर्षं कधीच उलटून गेली होती.

“वयनी, माका काय आनंद होता काय सांगूक?” काकांचा आवाज फुटत होता. “मियाच त्याका खांद्यार घेऊन जत्रेक नेलंय. पण तो गेलो आसात तर अडकान पडलो आसतलो. त्याका मोकळो करूक व्हयो.”

आई माझ्याकडे बघायला लागली. “तुका काय वाटता गो?”

काय सांगणार होते मी? दादा जिवंत आहे, कारण माझा इअरफोन वाजत नाही? मी म्हणाले, “तू म्हणशील तसं.” आणि त्या रात्री झोपताना मनात आलं ते लिहायला संकोच वाटतो, पण लिहिते — मला वाटलं, होऊन जाऊ दे. विधी झाला आणि डावा वाजला, तर निदान कळेल तरी. असं वर्षानुवर्षं अर्धं गाणं ऐकून मी दमले होते.

नाशिकला गेलो, आई, काका आणि मी. गुरुजी वयस्कर होते, घाई करणारे नव्हते. सगळी तयारी झाल्यावर आईने विचारलं, “भटजीनू, आणि तो परत इलो तर?”

काका चुळबुळले. गुरुजींना मात्र त्या प्रश्नाचं नवल वाटलं नाही. “परत आला, तर नवा जन्म झाला असं धरायचं, आई. त्याचे जन्मापासूनचे संस्कार पुन्हा करायचे. जातकर्म, बारसं, सगळं.”

आईने पदर कमरेला खोचला. मग म्हणाली, “मगे करा. बारसा करूक मी आसय.”

पळसाच्या पानांचा माणूस तयार झाला. डोक्याच्या जागी नारळ. गुरुजी त्याच्या उजव्या बाजूला बसून काही म्हणायला लागले, तशी आई उठली आणि तिने चक्क त्यांच्या खांद्याला हात लावला.

“थंयसून नको. त्या कानाक त्याच्या ऐकाक येणा नाय. डावीकडसून सांगा.”

गुरुजींनी एकदा आईकडे पाहिलं आणि पाट उचलून डावीकडे येऊन बसले. काका पाठ फिरवून रडत होते. मी रडले नाही. माझा हात पर्समधल्या इअरफोनवर होता.

परतताना गाडीत मी ते घातले. इगतपुरी गेलं, कसारा घाट गेला, माझी हिंमत होईना. शेवटी लावलं एक जुनं गाणं, तबला-बासरीचं. तबला आला. मी बासरीची वाट बघत राहिले...

डावा बंद होता.

मला आनंद झाला की भीती वाटली, आजही सांगता येत नाही. आम्ही त्याला अग्नी देऊन आलो होतो, आणि तो ऐकत होता.

घरी आल्यावर दोन दिवस आई घरातली कामं करत राहिली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ती खिडकीशी बसली होती, जुन्या गल्लीच्या दिशेने बघत. मी शेजारी जाऊन बसले आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला सगळं सांगितलं. वॉकमन, दुकानदार, रेश्मा, जोगेश्वरी, सगळं. मी थांबल्यावर तिने नुसता हात पुढे केला.

मी डावा इअरफोन तिच्या तळहातावर ठेवला. तिने पदराने पुसला आणि कानात घातला. मी गाणं लावलं. आजवर डावा इअरफोन ज्या ज्या माणसाला दिला, त्याला गाणं ऐकू आलंय. मी आईच्या चेहऱ्याकडे बघत होते. माझ्या कानात तबला चालू होता.

“लावलंस काय?” आई म्हणाली.

“लावलंय.”

तिने डोळे मिटले, कानावर बोट दाबून धरलं, खूप वेळ. मग इअरफोन काढला. मला वाटलं, परत देतेय. पण तिने तो तोंडाजवळ धरला, फोन धरावा तसा.

“मंग्या,” ती म्हणाली, “जेवलंस काय रे?”

आणि पुन्हा कानाला लावून बसून राहिली.

यातलं मला काय समजलं, तर काही नाही. मशीन ठीक आहे, सॅम्पल पुन्हा पुन्हा लावलंय, फोन करायला कुणी डॉक्टर उरलेला नाही. वाचणाऱ्यांपैकी कुणाकडे उत्तर असेल तर जरूर कळवा. फक्त तो गेलाय असं उत्तर असेल, तर आईपर्यंत ते मी पोचवणार नाही.

आता रोज संध्याकाळी आम्ही दोघी खिडकीशी बसतो. डावा आईला, उजवा मला. गाणं चालू असताना तिला काही ऐकू येत नाही, तरी संपेपर्यंत ती हलत नाही. मी हळूच म्हणते, “दादा, माझ्याकडे तबला.” आणि कामावरून यायला मला थोडा जरी उशीर झाला तरी आईचा फोन येतो — मी कुठे पोचले हे विचारायला नाही.

“शुभा, मोबाइलात चार्जिंग आसा मां? नायतर त्याचा गाणा मधीच बंद पडात.”