आतला खिसा

"पोट सोडा साहेब, श्वास घ्या," हे आमच्या शिंप्याचं ठरलेलं वाक्य. माप द्यायला उभा राहिला की माणूस पोट आत ओढतो, हे तुम्ही पाहिलं असेल, केलंही असेल. आदिलाबादच्या बस स्टँडामागच्या त्याच्या दुकानात एकदा एक पुढारी सत्काराच्या जाकिटासाठी आले. पोट ओढून उभे राहिले. शिंपी टेप गळ्यात टाकून थांबला. अखेर पुढाऱ्यांना श्वास घ्यावाच लागला. मग त्याने माप घेतलं.

शिवणीत तो बोटभर कापड जास्तीचं ठेवायचा. "माणूस अंगानं भरते," म्हणायचा.

आमच्या शाळेत तामसी गावचा एक तरुण मास्तर होता. चोविसाव्या वर्षी त्याला मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला. हैद्राबादला ऑपरेशन झालं, शौचाची वाट पोटावर काढून तिथे पिशवी लावली. घरी आला तो खोलीतच बसला.

"शाळेत येतोस ना?" मी विचारलं.

"पोरं पोटाकडंच पाहतीन, सर."

मी धीराचे चार शब्द बोललो. असे शब्द माझ्याकडे पुष्कळ आहेत. कुणाला उपयोगी पडलेले आठवत नाहीत. मग त्याला शिंप्याकडे नेलं.

मास्तर पोटाशी पुस्तक धरून उभा राहिला. शिंप्याने मला चहाला पिटाळलं आणि पडदा ओढला. मी दारातच रेंगाळलो.

"पिशवीच हाय ना, बावा?"

"वास येते, काका."

"मले बारा महिने सर्दी असते. पिशवीले खिसा लागन. खिसे तं मी रोजच शिवतो. पोट सोड."

पडद्याआड मास्तर हसला. ऑपरेशननंतर ते हसू मी पहिल्यांदाच ऐकलं.

आतून मऊ कापडाचा खिसा, वरून डाव्या अंगाला सैल चुण्या. तो सदरा घालून मास्तर फळ्यासमोर उभा राहिला. दोन्ही हात मोकळे.

पुढे हैद्राबादहून तशाच पिशव्या घेऊन परतलेली तरणी पोरं त्या दुकानात येऊ लागली. निर्मलहून एक मुलगीसुद्धा आली. तिचं माप शिंप्याच्या बायकोने घेतलं. पाटी मात्र त्याने बदलली नाही. 'जेन्ट्स टेलर' एवढंच.

वर्षभराने मास्तरचं दुखणं यकृतात उलटलं. सदरा तीनदा आत घ्यावा लागला. शिवणीत कापडाचा नुसता थर झाला होता.

"जास्तीचं कापून टाका की," मी म्हणालो.

"काऊन कापू? पोरगं भरलं तं?"

शाळा उघडायच्या दिवसासाठी मास्तरने नवा सदरा शिवायला टाकला होता. पण मास्तर उन्हाळ्यातच गेला. सदरा दुकानातल्या खुंटीवर राहिला. गिऱ्हाइकाने विचारलं की शिंपी म्हणायचा, "त्याचा हाय." कुणाचा, ते सांगत नसे.

गेल्या वर्षी शिंपीही गेला. दुकान रिकामं करताना त्याच्या बायकोने मला बोलावून तो सदरा हातात दिला. घरी येऊन मी तो उलटा केला. आतला खिसा जागेवर होता. बाजूच्या शिवणी चाचपल्या. तिथे दुमडून ठेवलेलं कापड बोटभर नव्हतं. दोन्हीकडे चांगलं चार-चार बोटं होतं.