चार पर्याय नसलेला प्रश्न

ज्याचं उत्तर तुम्हालाही ठाऊक नाही, असा प्रश्न घरातल्या मुलीला तुम्ही शेवटचा कधी विचारलात?

मी नांदेडला इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला शिकवते. माझ्या वर्गातली निम्मी मुलं लातूरच्या क्लासेसमधून तावून सुलाखून आलेली असतात. त्यांचा वेग बघत राहावा असा. चार पर्याय दिसले की दोन उडवायचे, उरलेल्या दोहोंत एकक तपासायचं आणि उत्तरपत्रिकेवरचा गोल काळा करायचा. मला ही मुलं फार आवडतात. राग येतो तो त्यांना गोल काळे करण्याचं यंत्र बनवणाऱ्या मोठ्यांचा.

पहिल्या महिन्यात मी फळ्यावर एक प्रश्न लिहिला. मुलींच्या वसतिगृहात दीडशे मुली. गच्चीवरची टाकी सकाळीच रिकामी होते. केवढी टाकी हवी?

लोहा गावचा एक पोरगा उठला. तो बोलला नाही तर आमचा तास सुरूच होत नाही.

"मॅडम, ऑप्शन?"

"नाहीत."

"मग डेटा तरी?"

"तोही नाही."

"मग हे गणित न्हाई मॅडम, ही नगरपालिकेची तक्रार हाय."

सगळे हसले, मीही. किनवटची एक मुलगी तेवढी हसली नाही. आश्रमशाळेत शिकलेली, मग लातूरला दोन वर्षं क्लास, डॉक्टरकी हुकली म्हणून इकडे आलेली. तास संपल्यावर ती टेबलाशी आली.

"मॅडम, शनिवारी दादा मला न्यायला येऊन राहिलाय. सामान घेऊन जाते मी. ऑप्शन नसले की मला काही सुचतच न्हाई. हे माझं काम न्हाई."

"जा. पण या प्रश्नाचा कागद देऊन जा. कोरा चालेल."

दुसऱ्या दिवशी तिचा कागद आला. तिने स्वतःच चार पर्याय लिहिले होते. अ, ब, क, ड, कंसासकट. मला आधी हसू फुटलं. मग खोडलेल्या पर्यायांपुढचं वाचलं.

हजार लिटर: "आमच्या आश्रमशाळेत एवढीच होती. रांगेत मागं राहिलेल्या पोरी बिनआंघोळीच्या वर्गात बसायच्या." पाच हजार: "प्रत्येकीला तीन बादल्या धरल्या तरी पुरत नाही." पन्नास हजार: "पाण्याचंच वजन पन्नास टन. गच्ची पेलेल का?" उरलेल्या दहा हजारांवर बरोबरची खूण.

अंदाज बांधायचा, तो आयुष्याशी ताडून बघायचा, चुकला तर कारण देऊन खोडायचा. याहून वेगळं मी तरी काय शिकवणार होते? क्लासने तिला खोडायला शिकवलं होतं. पर्याय मांडायला तिला कुणी सांगितलं नव्हतं, ते तिने गरजेपोटी केलं.

तिला विचारून, नाव न सांगता मी कागद फळ्यावर उतरवला. लोह्याचा पोरगा म्हणाला, "बाप रे, पेपर काढणारापण हाच, सोडवणारापण हाच."

"हाच न्हाई, हीच," मागच्या बाकावरून ती म्हणाली. "आन् ते उत्तर कच्चं हाय. पंप दिवसातून एकदा चालतो का दोनदा, कुणी इचारलं का?"

कुणीच विचारलं नव्हतं. मीसुद्धा.

शनिवारी तिचा भाऊ रिकामी पिशवी घेऊन फाटकाशी आला, तेव्हा ती टेप घेऊन वसतिगृहाच्या आवारातला हौद मोजत होती. पंप तिथूनच पाणी वर चढवतो.

"चल, गाडीची वेळ होईल," तो म्हणाला.

"दादा, जरा हे टोक धर."

"म्हंजे तू येत न्हाईस?"

"आधी धर तर. ढिला सोडू नको."

त्याने पिशवी खांद्याला अडकवली आणि टेपचं टोक धरलं. माप झाल्यावर म्हणाला, "अगं, हे फोनवर सांगितलं असतंस तर माझी चक्कर वाचली असती." पिशवी रिकामीच परत गेली.

मी घरात येणारी चळवळींची पत्रकं वाचत वाढले. आमच्या घरी चिवडासुद्धा पत्रकावर घेऊन खायचो. पत्रकाच्या शेवटी वाचणाऱ्याला काहीतरी काम सांगितलेलं असतं. तुम्हालाही सांगते. आज जेवताना घरातल्या पोरीला किंवा पोराला तुमच्याच घरातला एक अडलेला प्रश्न विचारा. पर्याय देऊ नका. आणि ती गप्प बसली, तर कृपा करून तुम्हीही थोडा वेळ गप्प बसा.