तालुक्याच्या कचेरीतलं बारसं

मामी गेल्याचा फोन आला तेव्हा मी दौंडच्या घरी कुकर लावत होते. मामी म्हणजे माझ्या सासूबाई. न्हावऱ्याजवळच्या आमच्या वस्तीवर राहायच्या. धाकटे दीर म्हणाले, "वहिनी, आई गेली. राती सरपंचाला शिव्या घालून झोपली, ती उठलीच न्हाई." म्हणजे शेवटपर्यंत तब्येत ठणठणीत होती. मी गॅस बंद केला आणि यांना ड्यूटीवर निरोप धाडला.

आम्ही वस्तीवरच राहायचो तेव्हा, तिसऱ्या मुलीच्या वेळी माझं इतकं रक्त गेलं, की डॉक्टरीणबाईंनी बजावलं, पुढचं बाळंतपण जिवावर बेतेल. मी ऑपरेशन करून घ्यायचं ठरवलं. हे मुलगा हवा म्हणून घुटमळत होते. मामी म्हणाल्या, "त्याला काय इचारती? जीव तुझा जाणार हाय." आमच्या घरात पूर्वी मेंढरं होती. मेंढीलाही दम खाऊ द्यावा लागतो, हे मामींचं सगळं वैद्यकशास्त्र.

पण नव्वदच्या दशकातल्या त्या वर्षी वरून निधी कमी आला आणि आमच्या दवाखान्यातलं कुटुंब नियोजनाचं शिबिर बंद झालं. गोळ्या संपल्या, तांबीही मिळेना. खाजगी दवाखाना आम्हाला झेपणारा नव्हता. मामींनी वस्तीवरच्या बायका गोळा केल्या. घोषणा कुणालाच येत नव्हत्या, बारसं मात्र सगळ्यांना येत होतं. म्हणून एसटीत पाळणा घालून आम्ही तालुक्याचं शिरूर गाठलं.

कचेरीत दवाखान्यांचा कारभार बघणाऱ्या साहेबांच्या दाराच्या चौकटीला पाळणा टांगला. बारशाला बाळाआधी वरवंटा पाळण्यात घालतात, तसा कुंची बांधून घातला. साहेब शहरातले. "अरे वा, बाळ!" म्हणत त्यांनी हात पुढे केले, मामींनी वरवंटा हातावर ठेवला आणि साहेब गुडघ्यापर्यंत वाकले.

"जड आहे हो!"

"पोटात याहून जड असतंय. शिबिर तुम्ही बंद केलं, तवा हे तुमच्याच घरचं. आत्या व्हा आन् नाव ठेवा."

साहेबांनी गडबडून कुंचीत तोंड घातलं आणि स्वतःचंच नाव सांगितलं. कानात नाव सांगितलं की आत्याच्या पाठीत धपाटे बसतात, हे त्यांना ठाऊक नव्हतं. बायकांचे हात आपोआप उठले. खरं तर एवढं ठरलं नव्हतं... पण रीत म्हणजे रीत. सोडवायला आलेल्या शिपायालाही दोन बसले.

पाणी पिऊन साहेब म्हणाले, "बाई, निधीच नाही, मी काय करू?"

"माझी सून मेली तर तीन पोरी माझ्या मांडीवर. त्याला निधी हाय का?"

साहेबांनी कागद पुढे ओढला.

महिन्याभरात शिबिर लागलं. ऑपरेशननंतर मी मामींचे आभार मानू लागले तर म्हणाल्या, "गप पड. टाकं तुटतील." पुढेही अधूनमधून निधी आटायचा आणि मामी शिरूरची एसटी धरायच्या. काटकसर सुचली की पहिली कात्री बायकांच्या दवाखान्यालाच का लागते, हे मला अजून कोणी समजावून सांगितलेलं नाही.

तेराव्याला पाहुणे पांगल्यावर पलीकडच्या मळ्यातली एक सून आली. कडेवर एक, हाताला एक. दारातच थबकली. ओट्यावर मामींची जागा मोकळी होती. तिथं त्या पाय पसरून बसायच्या, म्हणजे कोणाला न बोलता पुढे जाता येऊ नये.

"मामी न्हाईत, व्हय ना..." ती म्हणाली. "शिबिर परत बंद झालंय म्हनं. माझी तारीख होती."

मी ओट्यावर बसले, पाय पसरले.

"बस," मी म्हटलं. "आणखी कोणाकोणाचं राहिलंय?"