रानमाणसाचा टालर

आखातातल्या सबंध खलिफा सिटीत चारशे वर्षांपूर्वीच्या जर्मनीची काळजी वाहणारा एकच माणूस होता, आणि तो आमच्या खालच्या मजल्यावर राहायचा. आम्ही त्यांना खालचे काका म्हणायचो. पेशाने एसीचे इंजिनिअर, मूळचे पुण्याचे. पण पुण्याइतकाच अभिमान ब्रन्सविक नावाच्या जर्मन संस्थानाचा. तिथला एक टालर, म्हणजे चांदीचं जुनं नाणं, त्यांच्याकडे होता. त्यावर अंगभर केस असलेला रानमाणूस, हातात उपटलेलं झाड. गणपतीला आलेल्या पाहुण्याला आधी बाप्पाचं दर्शन, मग टालरचं, मोदक त्यानंतर. व्याख्यान हार्झच्या डोंगरातल्या खाणींपासून सुरू व्हायचं. एकदा मी मधेच ताटाकडे हात नेला, तर म्हणाले, "थांबा, चांदी अजून खाणीतच आहे." काकूंनी दिवाळीला तो टालर घासायला घेतला, तेव्हा दोन दिवस अबोला. जुन्या चांदीचा काळेपणा म्हणजे तिचं वय, ते पुसायचं नसतं, असं त्यांचं म्हणणं.

तीन वर्षांपूर्वी आम्ही दोघं बर दुबईत जुन्या नाण्यांच्या एका व्यापाऱ्याकडे गेलो. त्याच्याकडे अगदी तसाच टालर होता. काकांनी तो बोटावर तोलून पेन्सिलीने हलकेच वाजवला. स्वच्छ, लांबलेला नाद आला. मग खिशातला आपला वाजवला. बद्द. अकरा वर्षं कौतुकाच्या भरात न दिसलेली ओतकामाची बारीक रेघही कडेला दिसली; खरा टालर ठशाने पाडलेला असतो, साच्यात ओतलेला नाही. काकांचा चेहरा बघवेना. व्यापारी समजुतीने म्हणाला, "छोडो हबीबी, किसको पता चलेगा?"

"मुझे तो पता चल गया," काका म्हणाले.

 त्याच आठवड्यात, आजवर व्याख्यान ऐकलेल्या प्रत्येक घरी त्यांनी फोन केला. निम्म्या लोकांना टालर आठवतच नव्हता. त्यांना सगळं खाणीपासून पुन्हा सांगून, मग तो खोटा असल्याचं सांगितलं आणि माफी मागितली. मला हसू यायचं, आणि हा माणूस आपला शेजारी आहे म्हणून ऊर भरून यायचा. पुढच्या गणपतीतही व्याख्यान झालंच, फक्त पहिलं वाक्य होतं, "हे नाणं खोटं आहे."

निवृत्त होऊन पुण्याला जाताना त्यांनी तो टालर माझ्या हातात ठेवला. यंदा आमच्या गणपतीला पाहुणे जमले, तेव्हा माझी मुलगीच तो घेऊन पुढे आली आणि मला दटावून म्हणाली, "बाबा, अंकल सेड, फर्स्ट टेल देम इट्स फेक." मी सांगितलं. मग मोदकांचं ताट बाजूला सारून खाणीपासून सुरुवात केली. चुका काढायला समोर काका हवे होते.