‘सलग’ या एका शब्दासाठी

पान सोडायला दीड तास उरला होता आणि आमदारसाहेबांची वर्षं जुळत नव्हती.

जालन्याच्या एका दैनिकात मी उपसंपादक होतो. म्हणजे आलेला मजकूर तपासायचा, नीट करायचा, पानावर लावायचा. भागातले एक आमदार पाचव्यांदा निवडून आले होते. त्यांच्या परिचयाचं अर्धं पान पाच वाजता छपाईला जायचं होतं. त्यांच्या पीएने लिहून पाठवलं होतं, ‘सलग पाच वेळा विजयी’. पण पहिला विजय पंचवीस वर्षांपूर्वीचा. तेवढ्या काळात निवडणुका सहा झाल्या. मग एक गेली कुठं?

कलेक्टर ऑफिसच्या निवडणूक शाखेत ओळख होती. तिथून जुना निकाल व्हॉट्सअॅपवर आला. तिसऱ्या निवडणुकीत साहेब पडले होते. वाटूरकडचे एक निवृत्त गुरुजी निवडून आले होते.

पीएला फोन लावला. तो म्हणाला, “लोकं विसरून गेले ते. राहू द्या ना ‘सलग’.”

संपादकांचंही तेच मत पडलं. इतक्या उशिरा पान कशाला उघडता, असं म्हणून ते दुसऱ्या फोनवर गेले. मी जागेवर आलो, पण बसवेना. पान जुळवणारा ऑपरेटर ‘सोडू का’ म्हणून दोनदा विचारून गेला.

शेवटी वाटूरच्या वार्ताहराकडून गुरुजींचा नंबर घेतला. फोन त्यांच्या पत्नीने उचलला. गुरुजींना आता माणसं ओळखू येत नाहीत, असं त्यांनी सांगितलं. ते आमदार होते ना, एवढंच मी विचारलं.

“होते की. पाच वर्षं बराबर होते,” त्या म्हणाल्या. “त्यांना आता काहीच याद न्हाई. तुम्ही तरी लिहून ठेवा.”

साडेचारला निकालाची प्रिंट काढून तो कागद मी संपादकांपुढं ठेवला.

“सर, अंकाच्या तळाशी संपादक म्हणून नाव तुमचं छापलं जातं. माझं नाही.”

त्यांनी कागद दोनदा वाचला. मग स्वतःच ‘सलग’ खोडलं आणि गुरुजींच्या विजयाची एक ओळ वाढवली. पान पाच वाजून दहा मिनिटांनी सुटलं.

पीएने महिनाभर आम्हाला प्रेसनोट पाठवली नाही. वार्ताहर गुरुजींच्या घरी अंक देऊन आला. बाईंनी ती ओळ मोठ्यानं वाचली. गुरुजींनी विचारलं, “हे कोण?”

तेव्हापासून पुढाऱ्याचा परिचय लिहिताना मी हरलेल्या निवडणुका आधी विचारतो. जिंकलेल्या ते आपणहून सांगतात.