बोंबलाच्या कागदाची खालची ओळ

आमच्या छापखान्यात एक खुर्ची आहे. चांगली आहे. तीन पाय शाबूत, चौथ्याखाली लाकडाचा ठोकळा. गिऱ्हाईक आलं की मी म्हणतो, बसा. वकील बसतात, मास्तर बसतात, लग्नपत्रिका छापायला आलेले वरबाप तर उठतच नाहीत. पण जयवंती तामोरे त्या खुर्चीवर कधी बसली नाही. आली की दारापासून मशीनपर्यंत येरझाऱ्या. पायाला भिंगरी म्हणतात ती हीच. मी कितीदा सांगितलं, "बाई, तुम्ही फिरता नि माझे छपाईचे खिळे चुकतात." ती म्हणायची, "एकनाथभाऊ, खिळे तुमचा महादू चुकवतो, माझ्यावर कशाला ढकलता?" आणि ते खरंच होतं, महादू आमचा खिळे जुळवणारा.

ही मूळची किनाऱ्यावरच्या मुरबे गावची, मांगेला मच्छीमाराची पोर. आई डोक्यावर टोपली घेऊन पालघरच्या बाजारात यायची आणि त्या टोपलीवर पोरीनं एम.एस्सी. केलं, प्राणिशास्त्रात. मग पालघरच्याच एका कॉलेजात लागली, पण कच्ची. दर वर्षी जूनमध्ये नवा हुकूम, नाहीतर घरी बसा. पालघरातल्या लोकांना वाटायचं, बाई प्राध्यापक झाली, आता हिला काय कमी! कमी काय ते तिलाच ठाऊक.

हिची एक मावशी, येसूबाई. आईच्या माघारी हिला तिनंच सांभाळलं. येसूबाईच्या वलांड्या मुरब्याच्या किनाऱ्यावर, बांबू आणि दोरी बांधून केलेल्या, बोंबील वाळत घालायच्या. दसऱ्याच्या पुढंमागं हवा दमट राहिली की त्या बोंबलांवर माश्या बसायच्या आणि तिसऱ्या दिवशी आळ्या. सगळा माल खाडीत. मग कुणा व्यापाऱ्यानं बायकांना शिकवलं, ढेकणाची पावडर मारा. मारू लागल्या. आळ्या गेल्या, पण बायकांच्या हाताची सालं निघायला लागली. आणि ते बोंबील खाणार कोण? तुम्ही-आम्हीच की! येसूबाईनं हात पुढं करून भाचीला विचारलं, "तू एवडी माशांची शाळा शिकलीस, तर याला काय औशद हाय का नाय?"

जयवंती म्हणाली, "शोधते. सापडलं की पयलं तुला सांगेन."

हा शब्द तिनं दिला, आणि पुढची सगळी तगमग त्या शब्दाची आहे.

दोन हंगाम ती मुरब्याला जात होती. कॉलेज सुटलं की एसटी, एसटी चुकली की मासळीच्या टेम्पोत. येसूबाईनं आणि शेजारच्या बायकांनी आपापली एकेक वलांडी तिला दिली. कुणाचे बोंबील साध्या पाण्यातून काढून, कुणाचे कमी मिठाच्या, कुणाचे जास्त मिठाच्या. ज्यांच्या वाट्याला साधं पाणी आलं त्यांचा माल किडला, तरी कुणी कुरकुरलं नाही. शेवटी बाईला कळलं, अमुक इतक्या खाऱ्या पाण्यात बोंबील बुडवून मग वाळत घातला की माशी अंडी घालायला बसतच नाही. पावडर नको, काही नको.

आता मला सांगा, शहाण्या माणसानं काय केलं असतं? धावत जाऊन मावशीला सांगितलं असतं. पण कॉलेजातले मोठे सर म्हणाले, परदेशी नियतकालिकात लेख आला तर तुमची नोकरी पक्की होईल. आणि त्या नियतकालिकाचा नियम असा, की आमच्याकडे छापून येण्याआधी कुठंही छापायचं नाही. बाईनं त्याचा अर्थ घेतला, कुठं बोलायचंही नाही. घाबरट नव्हती हो, पण पोटाचा प्रश्न होता. एक अख्खा हंगाम ती गप्प राहिली. येसूबाई विचारायची, "सापडलं का?" ही म्हणायची, "अजून तपासतायत." आणि तिकडे पावडर चालूच. त्या वर्षी बाई इतकी वाळली की महादू म्हणाला, हिलाच कुणी वलांडीवर घातलंय.

लेख घेतला म्हणून इंग्लंडहून कळलं, आणि सोबत एक फॉर्म आला. लेखाचे सगळे हक्क आम्हाला द्या, खाली सही करा. तिनं केली. मी नंतर तिला फाडफाड बोललो, "अहो, सगळे हक्क म्हणजे सगळे! वाचता येत नव्हतं का?"

तर ती म्हणाली, "एकनाथभाऊ, आमच्याकडे नाव किनाऱ्याला लागली की सगळा माल लिलावात जातो. सगळा म्हणजे सगळा. पण घरच्या कालवणाची मासळी आधीच टोपलीत बाजूला काढलेली असते. ती कुणी लिहून घेत नाही, कुणी विचारत नाही. व्यापारीही त्या टोपलीकडे बघत नाही. मला वाटलं, घरचं तर बाजूला असणारच."

इंग्लंडच्या माणसाला कुठली ठाऊक तुमची कालवणाची टोपली?

लेख छापून आला. नोकरी पक्की झाली. बाईनं छापखान्यात पेढे वाटले, उभ्या उभ्याच. पण गंमत बघा, ते नियतकालिक तिच्या कॉलेजात येतच नव्हतं. त्याची वर्षाची वर्गणी भरायची तर प्रयोगशाळा विकावी लागली असती. ते काढणाऱ्या कंपनीनं लेखाच्या म्हणून थोड्या सुट्या प्रती फुकट पाठवल्या, त्या संपल्या. कुठकुठले संशोधक कार्ड टाकून मागायचे, तुमच्या लेखाची प्रत पाठवा. त्यांच्याकडेही ते नियतकालिक येत नसणार, आपल्यासारखेच फाटके. बाई त्यांना पाठवत राहिली. आणि मुरब्यात? मुरब्यात इंग्रजी वाचणार कोण? आणि सही केल्यापासून तोंडी सांगायलाही बाई बिचकत होती.

मग मुरब्याची मच्छीमार सोसायटी म्हणाली, मराठीत कागद काढा, छपाई आम्ही देतो. बाई खूश. आणि इथं हिच्यातला प्रामाणिकपणा आडवा आला. इंग्लंडला पत्र टाकून विचारलं, माझ्या लेखाचा मराठी अनुवाद गावात वाटू का?

मी कपाळाला हात लावला. "विचारलंत कशाला? मुरब्यात कोण बघायला येणार होतं?"

"सही केलीय मी," ती म्हणाली.

उत्तर आलं. अनुवादाचे हक्कही आमचेच, परवानगी हवी तर अमुक पौंड भरा, तेही ठरावीक प्रतींपुरती. त्या दिवशी बाई माझ्या छापखान्यात अशी फिरत होती की मशीन बंद करावं लागलं. "माझ्या मावशीच्या वलांड्या! तिचे बोंबील! तिचे हात सोलले! आणि तिला सांगायला मी परवानगी काढू?" टेबलावर हात आपटला तर महादूनं जुळवलेलं पान विस्कटलं. मी रागावलो नाही. मलाच इतका राग आला होता. मोठ्या सरांनी वर तंबी दिली होती, कॉलेजला नोटीस आली तर आम्ही जबाबदार नाही.

नशीब, त्याच आठवड्यात पालघर कोर्टातले एक वकील मुलीच्या पत्रिकेसाठी त्या खुर्चीवर बसले होते. मी सगळं त्यांच्यापुढं ओतलं. ते पत्रिकेचा नमुना बघत बघत म्हणाले, "कंपनीकडे लेखाचे शब्द आहेत हो. त्यातले तक्ते, मांडणी. मीठ कंपनीचं नाही नि बोंबीलही नाही. बाईंना सांगा, अनुवाद करूच नका. तो लेख मिटून ठेवा आणि जे ठाऊक आहे ते नव्यानं, आपल्या शब्दांत लिहा. त्याला कुणाचा बाप अडवत नाही." आणि लगेच म्हणाले, "गणपती जरा मोठा घ्या."

मी सायकल काढली आणि तसाच बाईच्या खोलीवर गेलो. तिनं ऐकलं, चप्पल घातली आणि मला चहासुद्धा न विचारता मुरब्याच्या एसटीला पळाली.

तो कागद तिनं येसूबाईच्या ओट्यावर लिहिला. ती एक वाक्य लिहायची, वाचून दाखवायची, मावशी खोडायला लावायची. "'द्रावण' म्हंजी काय गो? पानी म्हन." "'योग्य प्रमाणात' कोनाला कलतंय?" लेखात प्रमाण मोजायला काचेचं उपकरण होतं. मुरब्यात ते कुठून आणणार? बाईनं विचार केला आणि घरातलं कोंबडीचं अंडं मिठाच्या पाण्यात सोडलं. मीठ वाढवत गेली, अंडं वर आलं, तिनं उपकरण लावून बघितलं. जुळलं. कागदात तेच घातलं : कच्चं अंडं वर तरंगेपर्यंत मीठ घाला. मग बोंबील बुडवा. मग वलांडीवर टाका. पावडर नको. शेवटी, ज्यांनी वलांड्या दिल्या त्या सगळ्यांची नावं, येसूबाई पहिली. एका पानात मावलं.

आम्ही छापला. गठ्ठा घेऊन मी स्वतः तिच्याबरोबर मुरब्याला गेलो, हौस म्हणा. बायका वलांड्यांपाशी जमल्या. जयवंती उभी राहून खड्या आवाजात वाचायला लागली. मीठ, अंडं, बोंबील, नावं. प्रत्येक नावाला एक बाई लाजत होती. आणि त्याच झोकात ती शेवटची ओळ वाचून गेली, "सर्व हक्क स्वाधीन."

वाचली आणि तिनं माझ्याकडे बघितलं. ही ओळ आमच्याकडे कायम जुळवून, दोऱ्यानं बांधून ठेवलेली असते. पुस्तिका असो, पंचांग असो, खाली ती जायचीच. महादूचा हात आपोआप तिकडे जातो. गाढव लेकाचा!

येसूबाईनं विचारलं, "ह्ये शेवटी काय वाचलंस?"

"याचे सगळे हक्क माझे, असं," जयवंती कशीबशी म्हणाली.

"म्हंजी त्यो इंग्लंडवाला बोलत व्हता, तसंच?"

"तसंच."

"मंग त्याच्यात नि तुज्यात फरक काय गो पोरी?"

जयवंतीचा चेहरा असा उतरला की मला तिच्याकडे बघवेना. ती माझ्यावर उसळली, "भाऊ, हे काय केलंत! पुन्हा छापा सगळे, माझ्या पगारातून छापा!" मी महादूच्या सात पिढ्या काढल्या. येसूबाईनं दोघांनाही गप्प केलं. "कागुद फुकट घालवाचा नाय." तिनं मासे कापायची विळी ओढली, पायाखाली घेतली आणि दहा-दहा कागद धरून खालची पट्टी सरकन कापली. बाकीच्या बायकाही आपापल्या विळ्या घेऊन बसल्या. हसत होत्या. कागद तिरके कापले गेले, काहींना मासळीचा वास लागला. सगळ्या पट्ट्या वाळूत. बाई डोळे पुसत पुसत गठ्ठे लावत होती.

त्या हंगामात मुरब्यात पावडर बंद झाली. सगळ्यांनी एकदम नाही, येसूबाईचा माल बघून एकेकीनं. इंग्लंडहून पुढं काही आलं नाही, पण पोस्टमन दिसला की बाई वर्षभर दचकायची.

नऊ-दहा वर्षं गेली. येसूबाई वारली. पंच्याण्णव साली दातिवऱ्याहून नवसी नावाची एक कोळीण माझ्याकडे आली, हातात झेरॉक्सचा कागद. बोईसरच्या झेरॉक्सवाल्याकडून किती वेळा निघालेला कोण जाणे, अक्षरं पुसट झालेली. म्हणाली, "आमच्या मंडलाला ह्ये छापून पायजे. माज्या नणंदेनं सातपाटीवरून आनलंय. पन कोनाची परवानगी लागल का वो?"

मी कागद बघितला. खाली एक काळी, तिरकी रेघ होती. विळीनं कापलेल्या कडेची. झेरॉक्सच्या झेरॉक्सवरही ती आली होती. मी महादूला कॉलेजात पिटाळलं.

बाई धावतच आली. नवसीशी ओळखपाळख काही नाही, कागद हातातून घेतला आणि आधी प्रमाण तपासलं. "अंडं आहे ना? हां, आहे. पावडर नको, आहे. नावं आहेत." मग थांबली. त्या काळ्या रेघेच्या वर कुणीतरी बॉलपेननं लिहिलं होतं, वेडंवाकडं, आणि तेही झेरॉक्समध्ये आलं होतं : 'अंडा नसल तर बटाटा पन चालते.'

"हे तू लिहिलंस?"

"नाय वो. आमाला असंच आलं."

"महादू, बटाटा आण. आणि मीठ. पळ!"

शाई धुवायच्या बादलीत पाणी घेतलं. बटाटा तळाला. तिनं मीठ ओतलं, ढवळलं, पुन्हा ओतलं. छापखान्यातलं काम थांबलं होतं. बटाटा हलला, जरा रेंगाळला आणि वर आला. "अगो बाई," जयवंती म्हणाली, "हे मला सुचलंच नव्हतं." आणि बोलता बोलता ती मागं सरली आणि खुर्चीवर बसली. बसली आणि रडायला लागली. नवसी घाबरली, मी तिला म्हटलं, राहू दे, बरं वाटलंय तिला.

थोड्या वेळानं मी विचारलं, "बाई, ही बटाट्याची ओळही छापू ना?"

"छापा. अंड्याच्या खालीच छापा."

"आणि तळाशी? तिथं काय घालू?"

तिनं पदरानं नाक पुसलं. "काही नको. चांगली चार बोटं जागा मोकळी सोडा," ती म्हणाली. "पुढच्या बाईला लिहायला लागेल."