लिटरला चार झाकणं

जुन्या नाशकात रियाजभाईंना 'टूटीवाले' म्हणत. टू-स्ट्रोक गाडीच्या पेट्रोलमध्ये जे तेल मिसळावं लागतं, ते टूटी. बाकीचे मिस्त्री ते अंदाजाने ओतायचे. रियाजभाई खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरचं पिवळं पडलेलं झाकण घेऊन बसायचे. लिटरला चार झाकणं. ओतताना मोठ्याने मोजायचे, आणि ज्याची गाडी त्यानेही सोबत मोजायचं, ही त्यांची सक्त अट. डॉक्टर असो की बागायतदार, भद्रकालीच्या त्या बोळात उभं राहून सगळ्यांनी शाळेतल्या पोरासारखं 'एक, दोन, तीन, चार' म्हटलंय. मीही म्हटलंय. एकदा सोडून.

मी निफाडचा. घरी द्राक्षबाग, आणि डोक्यात डर्ट बाइकच्या शर्यती. माझी गाडी रियाजभाई तयार करायचे. इंजिनला स्क्रूड्रायव्हर टेकवून दुसरं टोक कानाला लावायचे आणि डोळे मिटायचे. मग म्हणायचे, "संतोष, आज खूश आहे रे ती." निळा धूर बोळभर पसरायचा, समोरची शिवणकामवाली भागीबाई खिडकी आपटून शिव्या द्यायची. तो वास आजही कुठे आला की मी पंचविशीचा होतो, खरं सांगतो.

सत्त्याण्णवच्या जानेवारीत नाशकाबाहेरच्या माळावर मोठी शर्यत होती. पुण्याच्या एका टीमचा मालक रियाजभाईंचं काम बघायला येणार होता. गाडी जिंकली तर पगारी नोकरी, देशभर फिरणं. त्यांच्या बायकोने, अनवरीभाभींनी, तर अर्धी भांडी बांधूनही ठेवली होती. शर्यतीआधी रियाजभाई नमाजला गेले. जाताना मला म्हणाले, "पाच लिटरचा कॅन आहे. वीस झाकणं. मोजून." तेवढ्यात पेपरवाला फोटो काढायला आला. मी हेल्मेट काखेत धरून ऐटीत उभा राहिलो, आणि तेल राहून गेलं. नुसतं पेट्रोल टाकीत ओतलं.

तिसऱ्या फेरीला मी पहिला होतो. इंजिन जाम झालं, मागचं चाक अडकलं, मी हवेत. खांद्याचं हाड मोडलं. दवाखान्यात रियाजभाईंनी एकच विचारलं, "टूटी टाकलं होतंस ना?"

मी म्हणालो, "हो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, की कार्बोरेटर लावताना आपलीच, म्हणजे मिस्त्रीचीच चूक झाली. पुण्याचा मालक निघून गेला. भाभींनी भांडी पुन्हा फळीवर लावली. रियाजभाई त्याच बोळात स्कूटरी दुरुस्त करत राहिले, आणि मी दर मार्चला त्यांच्याकडे द्राक्षांची पेटी नेऊन देत राहिलो. भित्रा माणूस दुसरं काय करणार?

आता माझ्या पोरीला, हर्षालीला, गाडी हवी होती. तिला मोटोक्रॉसच्या शर्यतीतही उतरायचंय आणि वणीकडच्या डोंगरवाटाही फिरायच्यात. रियाजभाईंकडे दोन जुन्या गाड्या विकायला आल्या होत्या, एक टू-स्ट्रोक आणि एक फोर-स्ट्रोक. वाटेत मी फोर-स्ट्रोकचं कौतुक करून तिचं डोकं खाल्लं. खरं कारण एवढंच, की ते झाकण मला घरात नको होतं.

रियाजभाई आता सत्तरीला आले. त्यांनी तिला दोन्ही गाड्यांच्या मधे उभं केलं.

"ही फोर-स्ट्रोक. कमी वेगातही ओढते. दगडातून चढताना दम सोडत नाही, उताराला इंजिनच धरून ठेवतं. तेल मिसळायची कटकट नाही. पण जड आहे बेटा, आणि इंजिनचं काम निघालं तर तुझा बाप बाग विकेल." मग दुसरीवर हात ठेवला. "ही टू-स्ट्रोक. हलकी. पडलीस तर एकटी उचलशील. पिस्टन घरी बदलशील. पण कमी वेगात गप्प असते आणि मग एकदम उसळते, हात तयार पाहिजे. आणि झाकणं मोजावी लागतील. एकदा विसरलीस की संपलं."

हे म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही, तरी माझे कान तापले.

"चाचा, तुम्ही कोणती घेतली असती?"

"मी सांगणार नाही. ऐक आणि ठरव."

त्यांनी स्क्रूड्रायव्हर तिच्या हातात दिला. दोन्ही गाड्या आळीपाळीने सुरू केल्या. फोर-स्ट्रोकला ती मान डोलवत राहिली. टू-स्ट्रोकला तिने डोळे मिटले आणि हसली. माझं सगळं कौतुक धुरात गेलं.

रियाजभाईंनी खिशातून ते पिवळं झाकण काढलं, शर्टाला पुसलं आणि तिच्या तळहातावर ठेवलं.

"हे तुझ्याजवळ ठेव. बापाच्या हातात देऊ नकोस."

हर्षाली हसली, तिला ती थट्टा वाटली. तिथल्याच टायरवर मी बसलो.

"तुम्हाला माहीत होतं?"

"इंजिन मीच उघडलं ना रे. आत बोट फिरवलं. कोरडं ठणठणीत."

"मग बोलला का नाहीत? पुण्याची नोकरी गेली तुमची!"

"तू प्लास्टरमध्ये होतास. म्हटलं, आधी बरा होऊ दे. मग म्हटलं, स्वतः येऊन सांगेल." ते थोडा वेळ हात पुसत राहिले. "दर वर्षी तू पेटी घेऊन यायचास. मी अनवरीला म्हणायचो, चहा टाक, आज बोलणार हा. द्राक्षं गोड असायची, ते सोड."

मला रडू आलं. पोरीसमोर, भर बाजारात, बावन्न वर्षांचा माणूस. "माफ करा, रियाजभाई," एवढंच जमलं.

"ऊठ," ते म्हणाले. "कॅन धर. एक लिटर आहे. मोठ्याने मोज."

हर्षाली ओतत होती. मी एक म्हटलं, दोन म्हटलं, तीनला आवाज बसला. चार रियाजभाईंनी म्हटलं.